उघडून बघितलं का?

रसायनीच्या एका केमिकल कंपनीत केतन पंप दुरुस्त करतो. ‘पंप गेला, नवीन मागवा’ असं कुणी म्हटलं, की तो वैतागून एकच विचारतो, “उघडून बघितला का?” बारा वर्षांत निम्मे पंप त्याने नुसते साफ करूनच चालू केलेत.

घरी मात्र तो महिनाभर कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत होता. कार्ड सात वर्षांचं जुनं. गेममधली गाडी वळणावर आली, की चित्र अडकायचं. नवीन घ्यावं की आहे तेच रेटावं, हे काही त्याचं ठरत नव्हतं. रोज तेच रडगाणं ऐकून त्याची बायको पौर्णिमा रविवारी म्हणाली, “अवो, उघडून बघितलं का कधी?”

त्याने निमूट उघडलं. शेजारच्या भातगिरणीतून उडणारं तूस सात वर्षं कार्डाच्या पंख्यात बसून गच्च झालं होतं. जुन्या टूथब्रशने ते झाडण्यात अर्धी दुपार गेली. मग गेम लावला, तर चित्र पाण्यासारखं पळायला लागलं.

गाडी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. दुसऱ्यांदाही तिथेच, तिसऱ्यांदाही तिथेच. आठवडाभर कंपनीत नट-बोल्टचे पाने फिरवून जड झालेली बोटं वेळेवर वळतच नव्हती.

“झालं का नीट?” पौर्णिमाने आतून विचारलं.

केतन चेपलेल्या गाडीकडे बघत बसला होता.

“नाय गं,” तो म्हणाला. “नवीनच घ्यावं लागंल.”