लांब घंटी

टेलिफोनचा लाइनमन हरिश्चंद्र खांबावर चढला की खालून जाणारा हटकून ओरडायचा, "काय रे हरिश्चंद्रा, आज तरी खरं बोलतेय का तुझी तार?" ती तार खरं बोलो नाहीतर खोटं, गोळप, पावस, गणेशगुळे आणि पूर्णगड या चार गावांत मिळून तेवढी एकच होती. एका गावचा माणूस बोलायला लागला की बाकीच्या तिघांनी हात चोळत बसायचं. त्यातून आंब्याच्या दिवसांत पावसचे बागायतदार मुंबईच्या दलालांशी घासाघीस करायला बसले, तर पूर्णगडच्या माणसाने घरी जाऊन जेवून, वामकुक्षी काढून यावं.

हरिश्चंद्र पूर्णगडचाच, खारव्यांतला. वडील आप्पा पासष्टीतही एकटे होडी घेऊन जाळ्यावर जायचे. धाकटा भाऊ बाबल्या मुंबईला गोदीत होता. त्याचा ट्रंक कॉल महिन्यातून एकदा लागायचा आणि त्यात एवढी खरखर असायची की आप्पा दर वाक्याला "बरा, बरा" म्हणून मोकळे व्हायचे. पोरगी टायफॉइडने अंथरुणाला खिळलीय असं बाबल्या रडत सांगत होता, तेव्हाही आप्पा "बरा, बरा" म्हणाले. गाव त्यावर पोट धरून हसलं. हरिश्चंद्राच्या मात्र ते जिव्हारी लागलं. दुसऱ्यांच्या तारा जोडत आयुष्य चाललंय आणि आपल्याच बापाला आपल्याच भावाचं बोलणं कळत नाही, या विचाराने त्याला झोप लागेना.

त्या फाटक्या तारेचा एक गुण मात्र होता. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसणाऱ्या गोदाबाईंनी दांडा न थांबता फिरवला की चारही गावच्या घंट्या एकदम वाजायच्या. ती लांब घंटी, फक्त वादळाच्या खबरीसाठी राखलेली. पूर्णगडचा फोन सगुणाच्या दुकानात होता. घंटी ऐकली की सगुणा धावत किल्ल्याकडे जायची आणि बुरुजाजवळच्या काठीला काळं फडकं बांधायची. ते दिसलं की होड्या माघारी वळत. पूर्वीचे म्हातारे आभाळ बघून, वारा हुंगून परतायचे. अलीकडे सगळे फडक्याकडे बघू लागले होते. आणि खारव्यांचा एक कडक नेम होता : लांब घंटी उगाच म्हणून वाजवायची नाही. खोटी वाजवली की वादळाला आवतण जातं.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीआधी खात्याने या तारेवर कॅरिअर बसवायचं ठरवलं. साताऱ्याकडचे इंजिनियर साहेब समजावून सांगत होते, "तार तीच. पण भजनात एकजण खालच्या पट्टीत आणि दुसरा वरच्या पट्टीत गातो ना? तसं त्याच तारेवर वरच्या पट्टीत दुसरं बोलणं जाईल. दोन टोकांना दोन खोकी लावायची." ही नवी पट्टी पावसला जायची होती. हरिश्चंद्र चार दिवस साहेबांच्या मागे भुणभुण करत फिरला. पूर्णगडचे निम्मे बाप्ये मुंबईला आहेत, बायका दोन-दोन दिवस फोनपाशी बसतात, हे त्याने सांगितलं. आप्पांचं सांगितलं नाही. अखेर साहेब कंटाळून म्हणाले, "घे बाबा पूर्णगडला."

खोकं सगुणाच्या दुकानात बसलं. हरिश्चंद्राने रत्नागिरीशी बोलून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. गोदाबाईंच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या.

साहेब तपासणीचा कागद पुढे सरकवत म्हणाले, "आता तुमचा फोन सामाईक पट्टीवरून वरच्या पट्टीवर गेला. लांब घंटी यायला खोक्यात वेगळी जोड दिलीय. ती लागली की नाही ते वाजवूनच कळेल. गोदाबाईंना सांग, एकदा वाजवा."

दुकानाबाहेर आप्पा जाळं विणत होते, त्यांचे हात थांबले.

"सायब, ती खोटी वाजवूची नाय," आप्पा म्हणाले. "दर्या ऐकतो."

साहेब हसले आणि एस.टी. चुकेल म्हणून निघून गेले. हरिश्चंद्राने कागदावर 'लांब घंटी : ठीक' असं लिहून खाली सही केली. नावाला जागून आजवर त्याने खात्याच्या कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. हे पहिलं. त्या संध्याकाळी आप्पा त्याच्यावर खूश होते, पण तो अर्धं ताट टाकून उठला.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. हरिश्चंद्र सकाळपासून गोळपबाहेरच्या माळावर खांब बदलत होता. दुपारी वारा पडला आणि कार्तिकात असू नये असा उकाडा सुरू झाला. पावसला आला तर दुकानदार फळ्या लावत होते. "लांब घंटी झाली ना सकाळी धाला," एकाने सांगितलं. "वादळ येताय."

म्हणजे आप्पा परतले असणार. हरिश्चंद्राने सायकल हाणली. घंटी चारही गावांत जाते, आपल्याही गावात गेली असेलच, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण तो कागद डोळ्यांपुढून हलेना. शेवटचा चढ संपला तेव्हा समुद्र शिशाच्या रंगाचा झाला होता. किल्ल्याची काठी समोर दिसली. ती मोकळी होती.

फडकं वाऱ्याने उडालं असेल, त्याने मनाला समजावलं. पण अजून तेवढा वारा सुटलाच नव्हता.

सगुणा दुकानात तांदूळ निवडत होती. "घंटी? कसली घंटी?" ती म्हणाली. "सकाळपास्ना हितंच हाय मी. फोन मुका हाय तुजा."

फडकं हिसकून घेऊन तो बुरुजाकडे धावला. बांधता बांधताच पहिला झोत आला आणि काठी वाकली. पाच होड्या बाहेर होत्या. अंधार पडेपर्यंत चार आल्या, भिजलेल्या, फाटलेल्या शिडांच्या. चौथीतून उतरलेल्या सदूने हरिश्चंद्राला बघितलं आणि मान खाली घातली.

"आमी सांगितलाव आप्पास, आभाळ बरा नाय, चला," सदू म्हणाला. "तर हसलं. म्हनलं, माज्या पोराची लाइन हाय ती. वाजली असती तर फडका दिसला असता."

पाचवी होडी आली नाही. दोन दिवसांनी तिची एक फळी मिळाली, आप्पा मिळाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाच्या दुकानातला फोन वाजला. मुंबईहून, नव्या पट्टीवरून. हरिश्चंद्राने उचलला. बाबल्या होता. पलीकडे रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा भोंगा ऐकू आला, बाबल्याचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"दादा, पेपरात वादळाचा आलाय. सगळी बरी हायत ना? आप्पांस दे जरा. आता नीट ऐकू येताय म्हनं तिकडं."

आयुष्यभर ज्या खरखरीशी तो भांडला, ती त्या क्षणी थोडी तरी यावी म्हणून हरिश्चंद्राने देवाला हाक मारली. तार स्वच्छ होती. ऐकू येत नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

"दादा?" बाबल्या म्हणाला. "हायस ना?"

"हाय," हरिश्चंद्र म्हणाला, आणि त्याने सांगितलं. आधी त्या कागदाचं, मग आप्पांचं.