शेवटचा हप्ता, कडी लागल्यावर

तमिळ आडी महिना लागायला पाच दिवस उरले होते आणि मेस्त्री अजून हो म्हणत नव्हता. इथले लोक आडीत नव्या कामाला हात घालत नाहीत, विसारसुद्धा घेत नाहीत. म्हणजे आता ठरलं नाही, तर बाथरूमचं काम महिनाभर लांबणीवर आणि तोवर माझ्या वडिलांची अंघोळ माझ्याच हातात.

अप्पा त्याच जुन्या बाथरूमच्या उंबरठ्यात अडखळून पडले होते. खुब्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे ते माझ्याकडे पेरुंगुडीला राहिले आणि सातव्या आठवड्यात काठी टेकत शहराच्या दुसऱ्या टोकाला, आवडीला, आपल्या घरी निघून गेले. आमची आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहतात. मी ठेवलेले दोन अटेंडंट त्यांनी आठवडाभरात पळवून लावले. उरले मी. दिवसाआड पहाटे निघायचं, दोन गाड्या बदलून आवडी गाठायची, त्यांना अंघोळ घालायची आणि तिथूनच लॅपटॉप उघडून ऑफिस सुरू करायचं.

अंघोळ घालायची असं मी सहज लिहिते, पण ते सहज नव्हतं. प्लास्टिकच्या स्टुलावर, कमरेला पंचा गुंडाळून, डोळे घट्ट मिटून ते बसायचे. एरवी वरणातल्या मिठापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यावर शेरा मारणारा माणूस त्या दहा मिनिटांत एक अक्षर बोलायचा नाही. मुलीने बापाला अंघोळ घालावी याची त्यांना लाज वाटायची, आणि त्यांना लाज वाटते म्हणून मला. दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी मी सौदा केला. बाथरूम नवी करून बघू. उंबरठा काढू, धरायला दांड्या लावू, खाली न घसरणाऱ्या टाईल्स बसवू. त्यानंतर तुम्हाला एकट्याने अंघोळ जमली तर इथे राहा. नाही जमली तर घर भाड्याने द्यायचं आणि माझ्याकडे यायचं.

“सेरि,” अप्पा म्हणाले. आमच्यासारख्या तंजावरी मराठी घरांत होकार तमिळमध्येच दिला जातो. माझं हे लिहायचं मराठी लग्नानंतर पुण्यात काढलेल्या चार वर्षांचं.

मेस्त्री शेजारच्या बाईंनी सुचवला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, खांद्यावर टॉवेल. त्याने चपला बाहेर काढल्या, बाथरूमभर फिरून नुसत्या तळहाताने भिंती तपासल्या आणि उलट्या बादलीवर बसला. मी त्याच्यापुढे माझा कागद ठेवला. नोकरीत मी दुसरं काय करते? लोकांची कामं टप्प्यांत कापते. इथेही चार टप्पे होते: तोडफोड, पाइप आणि वॉटरप्रूफिंग, टाईल्स, फिटिंग. प्रत्येक टप्पा मी पाहून पास केला की त्याचा हप्ता. दहा टक्के दीड महिना माझ्याकडे राखून. फ्लॅटच्या कामात एका कंत्राटदाराने आगाऊ पैसे घेऊन मला चार महिने झुलवलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

मेस्त्रीने कागद सावकाश वाचला. मी तोवर तीनदा घड्याळ पाहिलं.

“मॅडम,” तो तमिळमध्ये म्हणाला, “यात शनिवार कुठे आहे?”

“कसला शनिवार?”

“माझी माणसं शनिवारी संध्याकाळी मजुरी घेतात. तुमचा टप्पा मंगळवारी संपेल. मग शनिवारी त्यांना काय सांगू, वॉटरप्रूफिंग वाळू दे, मग जेवा?”

“काम आधी, पैसे नंतर. जगात सगळीकडे असंच असतं.”

“शनिवारी पैसे नाही दिले तर सोमवारी ती दुसऱ्या साईटवर जातात. जगात सगळीकडे असंच असतं.”

आतल्या खोलीतून अप्पांच्या हसण्याचा आवाज आला. मला राग आला. पाच दिवस हातात, आणि हा माणूस चहा संपवायलाही घाई करत नव्हता. मी कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग व्हरांड्यात जाऊन दोन फेऱ्या मारल्या. आपण आपल्या पगाराची तारीख एक दिवस चुकली तर किती फोन करतो, हे मला त्या फेऱ्यांत आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं.

परत येऊन मी म्हटलं, “ठीक. सामान मी दुकानातून थेट घेणार. मजुरी दर शनिवारी. पण तुमचा स्वतःचा हिस्सा काम पूर्ण झाल्यावरच.”

“सेरि. पण काम पूर्ण कधी?”

“मी पास करेन तेव्हा.”

“मी पास करेन,” आतून अप्पा म्हणाले. आवडीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली. नापास करण्यात त्यांचा हातखंडा. “नाहणार मी, आणि पास करणार ही?”

मेस्त्रीने टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि अप्पांच्या खोलीकडे बोट केलं. “मग असं लिहा, मॅडम. अय्या आत जातील, आतून कडी लावतील, एकटे अंघोळ करून बाहेर येतील. त्या दिवशी माझे पैसे द्या.”

“कडी नाहीच लावायची,” मी म्हटलं. “आत पडले तर दार कोण फोडणार?”

“कडी पायजे,” अप्पा काठी टेकत दारात आले. “कडी नसली तर ती बाथरूम न्हवे, ती रस्ता.”

कडीवरून अर्धा तास गेला. शेवटी मेस्त्रीनेच तोड काढली: दार बाहेर उघडणारं आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी. मी चौथा टप्पा खोडून त्याचं वाक्य लिहिलं. आडी लागायच्या दोन दिवस आधी, चांगली वेळ बघून, त्याने विडा ठेवलेल्या ताटातून विसार उचलला.

काम चार शनिवार चाललं; तोवर अप्पांची अंघोळ मागच्या अंगणात, माझ्याच हातून. मी नसेन त्या दिवशी फोटो मागायचे आणि मेस्त्री दर वेळी एकच फोटो पाठवायचा. मला झोप लागेना. बाथरूम चांगली होणार नाही याची भीती होती, हे मी सगळ्यांना सांगत होते. ती चांगली होऊनही अप्पांना जमणार नाही, याची भीती कुणाला सांगितली नाही. आणि जमलं तर, असाही विचार एकदा गाडीत मनात आला होता. त्याचं काय करावं ते मला कळलं नाही.

तो दिवस बुधवारचा होता. अप्पा पंचा घेऊन आत गेले. कडी लागल्याचा आवाज आला. दाराबाहेर मी, माझ्या शेजारी मेस्त्री. माझ्या मुठीत एक रुपयाचं नाणं.

नळ सुरू झाला. बादली भरली, भरून वाहू लागली, वाहतच राहिली. तांब्याचा आवाज येईना.

“अप्पा?”

“हं.”

दोन मिनिटांनी पुन्हा. “अप्पा, बरं आहे ना?”

“हं.”

तिसऱ्यांदा मी दारावर थाप मारली. नाणं कडीला लावायला हात पुढे केला, तेव्हा आतून खाकरल्याचा आवाज आला.

मेस्त्री हळूच म्हणाला, “मॅडम, चला, चहा घेऊन येऊ.”

“आणि पडले म्हणजे?”

“धरायला दांडी आहे. ती तुमच्या हातापेक्षा पक्की आहे.”

मी गेले. कशी गेले ते माझं मला माहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा चहा बशीत सांडला, अर्ध्याने जीभ भाजली. मेस्त्री शांतपणे बन खात होता, त्याचा सगळा हिस्सा त्या कडीआड अडकलेला असूनही. बारा मिनिटांनी मी जवळजवळ पळतच परतले.

अप्पा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. केस ओले, कपाळाला गंध, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. बटणांकडे माझा हात गेला आणि मी तो मागे घेतला.

“दाराजवळच्या कोपऱ्यांत पाणी साचतें,” ते मेस्त्रीला म्हणाले. “उतार चुकला. ते येऊन नीट कर.” मग माझ्याकडे वळले. “त्याचे पैसे देऊन टाक. मी नाहलों.”

“इतका वेळ का लागला पण?”

“तू दाराशी होतीस तोंवर पाणी नुसतें सांडलों. तू गेल्यावर नाहलों.”

मी फोन काढून मेस्त्रीचा हिस्सा पाठवला. त्याने दोन्ही हात जोडले, अप्पांना आधी, मला नंतर. मी आत जाऊन ओला पंचा उचलायला गेले, तर तो दांडीवर पिळून वाळत घातलेला होता. मी भिजेन म्हणून बदलायला आणलेल्या कपड्यांची पिशवी तशीच उचलून मी बाहेर आले. बरं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. उद्यापासून इथे येऊन काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

“जातें मी,” मी चपला घालत म्हटलं.

अप्पा पेपर उघडून बसले होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, “आदितवारी ये. जेवायला ये. डांगर करतों.”

इतके महिने मी दिवसाआड येत होते. त्यांनी बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.