सात रिकाम्या खुर्च्या

आमचे थोरले काका मनोऱ्यावर कामाला होते. शहर बघायला आलेले पाहुणे पहिल्याच दिवशी जिथे जातात, तोच तो उंच मनोरा. लिफ्टनं वर जायचं, गोल सज्ज्यात उभं राहायचं आणि नाणं टाकून कठड्याला बसवलेल्या आठ दुर्बिणींतून खालचं शहर न्याहाळायचं. त्या आठ दुर्बिणी काकांच्या. म्हणजे मालकी सरकारची, पण काचा पुसायच्या, खुंट्यांना तेल द्यायचं, अडकलेलं नाणं काढून द्यायचं आणि “काहीच दिसत नाही हो!” म्हणणाऱ्याला पुढचं झाकण उघडून द्यायचं, हे सगळं काकांकडे. बावीस वर्षं ते हेच करत आले होते.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मनोऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. काका लोकांना राजवाडा दाखवत, संग्रहालयाचं हिरवं छप्पर दाखवत, जुना पूल, बोटींचा धक्का, प्राणिसंग्रहालयातल्या जिराफाची मान. “जिराफ आत्ता उजवीकडे गेलाय, थांबा, येईल,” असं ते घरचा माणूस असल्यासारखं सांगत. कुणी काहीही विचारो, काका प्रश्नाला रिकाम्या हातानं परत पाठवत नसत. त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

गंमत म्हणजे हेच काका जमिनीवर उतरले की दोन गल्ल्यांपलीकडे चुकायचे. वरून शहर तळहातावरच्या रेषांसारखं पाठ. खाली मात्र सगळ्या भिंती सारख्याच. काकू त्यांना ‘गगनविहारी’ म्हणायच्या. “ह्यांना औषध आणायला धाडलं तर आधी मनोऱ्यावर जाऊन दुकान बघून येतील,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काका ऐकून घ्यायचे, कारण ते खरंच होतं.

त्या वर्षी सुट्ट्यांच्या पहिल्याच आठवड्यात एक मावशी आल्या. मोठी टोपी, खांद्याला पाण्याची बाटली, सोबत तीन भाचरं. मावशींनी राजवाड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी दुर्बीण पुलापलीकडच्या जुन्या वस्तीवर फिरवली आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “त्या निळ्या टाकीच्या गच्चीवर खुर्च्या कुणासाठी मांडल्यात?”

काकांनी डोळा लावला. एका चार मजली घराच्या गच्चीवर सात खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सातही मनोऱ्याकडे तोंड करून. बसलेलं कुणी नाही.

“कार्यक्रम असेल काहीतरी,” काका म्हणाले.

“सकाळी दहा वाजता? भर उन्हात?” मावशी म्हणाल्या. “मी दोनदा नाणं टाकलं. कुणी येत नाही, कुणी जात नाही. तुम्हाला ठाऊक नाही का?”

काकांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आल्या आल्या आधी ती गच्ची बघितली. सात खुर्च्या, रिकाम्या. तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारी बघावं तर साती खुर्च्या टाकीखाली जाऊन बसलेल्या. कोण हलवतं ते दिसायचं नाही, कारण नेमकं तेव्हाच कुणाचं तरी नाणं अडकलेलं असायचं. घरी जेवताना काका म्हणाले, “श्राद्ध असेल म्हणावं तर रोज कसं असेल?” काकू म्हणाल्या, “शाळा असेल.” “मग मुलं कुठायत?” “पळून गेली असतील. उन्हात बसवल्यावर दुसरं काय होणार?” पण त्याही विचारात पडल्या होत्या, कारण भांडी घासता घासता त्यांनी आतून विचारलं, “खुर्च्या एकसारख्या आहेत की वेगवेगळ्या?”

वेगवेगळ्या होत्या. काकांनी ते बघितलंच नव्हतं.

मनोरा सोमवारी बंद असे. सोमवारी सकाळी काका चप्पल घालून निघाले. वरून त्यांनी वाट पाठ केली होती: पूल ओलांडायचा, डावीकडे हिरवं छप्पर, मागची तिसरी गल्ली, निळी टाकी. पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे हिरवं छप्पर गायब. उंच घरांच्या मधून वर बघितलं की आभाळाची एक फाटकी पट्टी तेवढी दिसे. तासाभरात ते एकाच न्हाव्याच्या दुकानासमोरून तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला न्हावी बाहेर आला.

“काय हरवलंय का?”

“निळी टाकी कुठाय हो इथे?”

“खालून टाकी दिसते का कुणाला? मला माझ्या घरावरची टाकी कुठल्या रंगाची तेही माहीत नाही,” न्हावी म्हणाला, आणि खरोखरच मान वर करून बघू लागला.

काका तिथल्या पायरीवर बसले. समोर दोन घरांच्या फटीतून मनोरा दिसत होता. आपली कामाची जागा त्यांनी इतक्या लांबून कधी नीट बघितलीच नव्हती. सज्जा म्हणजे एक बारीकशी बांगडी. वर लिफ्टची खोली, तिच्या बाजूला झेंड्याची काठी. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या दुर्बिणीतून ती गच्ची दिसते, तिच्या बरोब्बर पाठीमागे लिफ्टची खोली आणि तिच्या मागे काठी. म्हणजे ज्या गल्लीतून काठी लिफ्टच्या खोलीआड पूर्ण लपेल, तीच ती गल्ली! काका उठले आणि मान मागे वळवून चालू लागले. दोन सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, एका खांबाला खांदा दिला, पण एका कोपऱ्यावर काठी सरकत सरकत खोलीच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली.

तिथल्या तिसऱ्या दारात वेताच्या मोळ्या उभ्या केलेल्या होत्या.

आत एक चाळिशीची बाई पाण्याच्या टबापाशी पाय पसरून बसली होती. मांडीत खुर्चीची चौकट, दातांत वेताचं टोक. काकांनी आपण कोण, कुठून आलो आणि कशासाठी, ते सगळं एका दमात सांगितलं. तिनं वेत दातांतून काढला.

“खुर्च्या वाळत घालते, भाऊ. दुसरं काय!”

ती जुन्या खुर्च्यांच्या बैठका नव्यानं विणून द्यायची. वेत पाण्यात भिजवून मऊ करायचा, ओला असतानाच विणायचा, मग वाळता वाळता तो आवळत जातो आणि बैठक ढोलकीसारखी ताठ होते. सकाळचं कोवळं ऊन त्याला चांगलं. पण दुपारचं कडक ऊन लागलं की तडकतो, म्हणून बारा वाजायच्या आत खुर्च्या टाकीखाली ढकलायच्या. टाकीखाली सातच मावतात, म्हणून सात. ऊन मनोऱ्याच्या बाजूनं येतं, म्हणून तोंडं तिकडे.

काका मान हलवत होते. इतकं साधं उत्तर, आणि तरी त्यांना एखादी पेटी उघडल्यासारखं वाटलं. त्यांनी वेत चिमटीत धरून बघितला, टबातल्या पाण्याला बोट लावलं, खुर्चीच्या कडेची भोकं मोजली. चहा आला, तोही झाला. निघताना बाई म्हणाली, “बाकी सगळं बरं चाललंय हो. ह्या उन्हाळ्यात मात्र दर आठवड्याला एखाद्या खुर्चीला झोळ पडतोय. गिऱ्हाईक परत आणून टाकतं. वेतवाल्यानं फसवलंय मला, परवाच त्याच्याशी कडाक्याचं भांडले.” आतल्या खोलीत तिचे सासरे खाटेवर पडून होते. गुडघे गेलेले, दोन वर्षांत जिना चढलेले नव्हते. त्यांनी पडल्या पडल्या काकांना हात केला.

इथवर सगळं छान होतं. पण काकांना ती गोष्ट पोटात ठेवता येईना. मंगळवारपासून सज्ज्यात राजवाडा मागे पडला. “इकडे या, इकडे या, ही गंमत बघा!” म्हणत काका प्रत्येकाला ती गच्ची दाखवू लागले. आधी “कुणासाठी असतील सांगा बरं?” असं विचारायचं, लोकांना डोकं खाजवू द्यायचं आणि मग उत्तर द्यायचं. लोक खूश. घरी गेलेल्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजारी आले ते थेट “खुर्च्यांची दुर्बीण कुठली?” विचारत. तिच्यापुढे रांग लागायला लागली.

तीन आठवड्यांनी, दुपारी एकच्या सुमाराला, ती बाई स्वतः वर आली. उन्हाळ्यात बारा ते दीड सज्जा पाहुण्यांना बंद असे. पण लिफ्टवाल्यानं तिचा चेहरा बघितला आणि निमूट वर आणून सोडली. काका पलीकडच्या सावलीत डबा उघडून बसले होते.

“भाऊ, माझी गच्ची म्हणजे काय प्राणिसंग्रहालय आहे?”

काकांनी डबा बाजूला ठेवला.

“लोक जिना चढून वर येतात! काल एक कुटुंब आलं, माझ्या खुर्च्यांसमोर उभं राहून फोटो काढले. माझे कपडे वाळत घातलेले मागे! परवा एकानं खालून ओरडून विचारलं, आज सहाच का? मी तुम्हाला पाहुणा समजून चहा दिला आणि तुम्ही मला तमाशात उभं केलंत.”

काका उभे राहिले. “चुकलं, ताई,” ते म्हणाले. “वरून बघताना खाली माणूस असतं हे मी विसरतो.”

बाईचा राग ह्या उत्तरासाठी तयार नव्हता. तिला आणखी भांडायचं होतं. इकडेतिकडे बघत ती म्हणाली, “कुठून बघतात तरी? दाखवा मला.”

काकांनी दुर्बीण लावून दिली. बाई वाकली. “अगं बाई, ही माझी दोरी... हा माझा पलंगपोस. किती जवळ दिसतं हो!” आणि मग तिनं नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“काय झालं, ताई?”

“मामंजी,” ती म्हणाली.

टाकीखालच्या सावलीत तिचे सासरे उभे होते. दोन वर्षं जिना न चढलेले. त्यांनी पहिल्या खुर्चीच्या बैठकीवर तळहात दाबून बघितला, नापसंत केली. दुसरी नापसंत केली. चौथी पसंत पडली. तिच्यात ते प्रशस्त बसले, पाय लांब सोडले आणि तोंड वाऱ्याला दिलं. खुर्चीची ओली बैठक त्यांच्याखाली हळूहळू पिशवीसारखी खाली जात होती.

“माझा झोळ!” बाई ओरडली. “वेतवाल्याला मी काय काय बोलले! आणि हे म्हातारं... रोज खाटेवर ताट नेऊन देते मी ह्यांना! पाय धरून उठवते!” ती रागानं बोलायला लागली खरी, पण मध्येच तिला हसू फुटलं आणि मग हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. “बघा तरी कसे बसलेत. राजवाडा ह्यांचाच.”

“रोज बसत असतील?” काकांनी विचारलं.

“मी ह्या वेळेला गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पोचवायला जाते. तुम्हाला माहीत हवं. तुम्ही बघता ना रोज!”

“ह्या वेळेला मी इकडे जेवतो, ताई. तिकडे ऊन असतं.”

ती पुन्हा वाकली. दीड वाजेपर्यंत तिनं डोळा हलवला नाही. म्हातारबुवा उठले, खुर्ची होती तशी सरळ केली, जिन्याच्या दाराशी थांबून कानोसा घेतला आणि एकेक पायरी उतरत दिसेनासे झाले. तेव्हा कुठे ती मागे सरली. “मी आत्ता तेच केलं, जे तुमची माणसं करतात,” ती जरा ओशाळून म्हणाली. “मजा येते, खोटं कशाला बोलू? पण आता पुरे, भाऊ.”

“पुरे,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं टाकीच्या खांबाशी एक जुनी, विणून वाळलेली, पक्की खुर्ची ठेवली. उशीसकट. म्हातारबुवांना काही बोलली नाही. तेही काही बोलले नाहीत; फक्त झोळ पडायचे थांबले. ती वेतवाल्याकडे जाऊन माफी मागून आली. हे सगळं तिनंच पुढे काकूंना सांगितलं, कारण काका तिच्याकडे माफी मागायला गेले तेव्हा वाट चुकू नये म्हणून काकू सोबत गेल्या आणि दोघींचं चांगलंच जमलं. त्या घरात सासऱ्या-सुनेत ह्या विषयावर अजून चकार शब्द निघालेला नाही.

काकांनी त्या दुर्बिणीच्या खुंटीत एक स्क्रू बसवला. आता नळी घरांच्या गच्च्यांपर्यंत खाली उतरेना. लोकांनी तक्रार केली, तेव्हा साहेब वर आले. “हे काय केलंत? कुणाला विचारून?”

“खाली लोक राहतात, साहेब.”

साहेब चिडूनच शेजारच्या दुर्बिणीपाशी गेले, नळी खाली वाकवली, डोळा लावला. बराच वेळ लावला. त्यांचं स्वतःचं घर त्या बाजूला होतं. दोन दिवसांनी लेखी हुकूम आला, की आठही दुर्बिणींना असेच अटकाव बसवावेत.

दुर्बिणींच्या नळ्या वर अडकल्या तरी काकांची चौकस बुद्धी काही वर राहिली नाही. नदीच्या वळणावर एक पिवळी बोट वर्षानुवर्षं बांधलेली होती. ना कुठे जाई, ना कुणी चढताना दिसे. ती तिथे का, हे त्यांना विचारायचं होतं, आणि आता विचारायचं तर चालत जाऊन, दार वाजवून. एका सोमवारी ते निघाले तर काकू आधीच चपला घालून दारात उभ्या. दोघं चार वेळा वाट चुकून बोटीपाशी पोचले. आत एक चष्मेवाला माणूस होता. नदीचं पाणी किती वर आलं, किती खाली गेलं, ते दर तासाला पट्टीवर बघून लिहिणं हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्याला कुणी काही विचारायला आलं नव्हतं. काकूंनी त्याला इतके प्रश्न विचारले, की त्या दिवशी अकराची नोंद राहूनच गेली.