देवाजीचे डोळे आणि जर्मन गाडीचे दिवे

देवाजी हेडाऊला रस्त्यावरच्या कशाचाही राग येई. मधोमध बसलेल्या म्हशीचा, हात न दाखवता वळणाऱ्या सायकलवाल्याचा, त्याचीच गाडी बघून फाटक पाडणाऱ्या रेल्वेच्या माणसाचा. पण हा राग रस्त्यावरच सांडून यायचा, घरी आणायचा नाही, असा आपला नेम आहे असं तो सांगे. त्याच्या बायकोचं, मनकर्णेचं म्हणणं जरा वेगळं होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

घर उमरेडच्या कोष्ट्यांचं. बापाला वाटे पोरानं मागावर बसावं. पोरगं जाऊन बसलं ट्रकमध्ये, आणि ट्रकमधून उतरलं ते थेट नागपूरच्या गुलाबचंद शेटजींच्या गाडीत. शेटजींचा कन्हानच्या बाजूला मँगनीजच्या खाणींचा ठेका होता. सकाळी खाणीवर, संध्याकाळी घरी, मधून भंडारा. देवाजीच्या हातून गाडीला कधी ओरखडा गेला नाही, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवीच.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोलनं असा काही भाव खाल्ला की शेटजींची झोप उडाली. त्यांनी दिल्लीच्या एका लिलावातून परदेशी वकिलातीची जुनी मर्सिडीज उचलून आणली. डिझेलवर चालणारी. खर्च ट्रकचा, रुबाब साहेबाचा! सुरू केली की पिठाच्या गिरणीसारखी धडधडे. स्टेअरिंग डाव्या हाताला. समोर दोन उभट काचेचे दिवे, देवळातल्या कोनाड्याएवढे. मोहल्ल्यातले लोक बघायला आले, आणि प्रत्येकानं बोनेटवर थाप मारून पाहिली. देवाजीनं प्रत्येकाच्या हाताकडे रागानं पाहिलं.

दिवसा ही जर्मन गाडी लोण्यासारखी चाले. दिवस मावळला की तिच्या अंगात यायचं. समोरून ट्रक आला की त्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून देवाजी बत्ती खाली करी. बत्ती खाली झाल्यावर ट्रकवाल्यानं खूश व्हावं, तर तो डोळ्यांवर हात धरून देवाजीच्या आईबहिणीची विचारपूस करत जाई. आणि रस्त्याची डावी कड? ती देवाजीच्या अगदी कोपराखाली होती, पण दिसेल तर शपथ! तिकडे नुसता अंधार. एका संध्याकाळी डावं चाक डांबरावरून खाली घसरलं, गाडी बैलगाडीच्या चाकोरीत उतरली आणि शेटजींचा पानाचा डबा त्यांच्याच पांढऱ्या धोतरावर उपडा झाला.

"देवाजी, आंख दाखव आपली, आंख!" शेटजी म्हणाले.

"डोये चांगले आहेत मालक. बत्तीच कमजोर आहे."

"जर्मन लोकांची बत्ती कमजोर, अन् तू पहिलवान?"

दुसऱ्या दिवशी देवाजी गाडी घेऊन सीताबर्डीला नत्थूकडे गेला. नत्थू गाड्यांच्या बॅटऱ्या आणि बत्त्या दुरुस्त करी. गाडी उभी राहायच्या आधी त्याला रोग कळलेला असे.

"बल्ब बदलवून टाक," नत्थू म्हणाला.

"पाहून तर घे गा आधी."

"पाहाचं काय त्याच्यात? कमी दिसून राहिलं न? जास्तीच्या पावरचा टाकतो."

जास्तीचा बल्ब पडला. आता ट्रकवाले नुसती शिवी देऊन थांबेनात. एकानं गाडी आडवी घातली, खाली उतरला आणि शेटजींनाच ऐकवून गेला. देवाजी पुन्हा नत्थूकडे.

"लोकाइच्या डोयात जाते म्हणतं न? मंग वरच्या अर्ध्या काचेले कायं मारतो," नत्थू ब्रश शोधत म्हणाला. "कायदाच आहे तसा. साऱ्या नागपूरच्या ट्रकाइले म्याच मारलं."

"हा ट्रक नाही, बापा."

"डिझेलवरच चालते न? मंग काय फरक आहे!"

वरची अर्धी काच काळी झाली आणि कहर झाला. डावीकडे जो थोडाफार फिका उजेड पडत होता, तोही गेला. ट्रकवाल्यांच्या शिव्या मात्र जशाच्या तशा. देवाजी गोगलगाईच्या चालीनं गाडी हाके आणि खिडकीतून मुंडकं बाहेर काढून डांबर शोधे. मागे शेटजी रामनाम घेत. ते कोणासाठी घेतात हे देवाजीला बरोबर कळे.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या कांताबाईनं गाजर सांगितलं. खाणीच्या मुनिमानं गुलाबपाणी सांगितलं. मनकर्णेनं तर काही न सांगता सकाळ-संध्याकाळ शेवग्याच्या पाल्याची भाजी सुरू केली. देवाजी ताटाकडे बघे आणि दात खाई. शेवटी तो स्वतःच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आणि भिंतीवरचा तक्ता धडाधड वाचून आला, खालची मुंगीएवढी ओळसुद्धा.

शेटजींनी ऐकून घेतलं. "डॉक्टरचा तक्ता भिंतीवर बसून असते देवाजी. ट्रक अंगावर येते. सोमवारी भंडाऱ्याले जायचं आहे, येता येता दिवस बुडन. गाडी एकदा जरी खाली उतरली, तर चाबी ठेवून दे. कामठीवरून दुसरा माणूस बोलावतो. म्हाताऱ्या डोळ्याले मी जपीन, पण घरी बसवून."

घरी बसवून! देवाजीच्या कानात ते शब्द कुसळासारखे रुतले.

त्याच आठवड्यात शेटाणीनं लुगडी आणायला त्याला उमरेडला पाठवलं. माहेरच्या माणसांना भेटता येईल म्हणून मनकर्णाही शेजारच्या सीटवर बसली. कोष्टीपुऱ्याच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढे गल्लीभर आडवी दोरी बांधून कोणीतरी धुतलेली पांढरी धोतरं वाळत टाकली होती. देवाजीनं कचकन ब्रेक मारला.

"रस्ता काय याइच्या बापाचा आहे? उचला वं कोणी हे!"

कोणी आलं नाही. हॉर्न वाजवता वाजवता रागाच्या भरात त्याचा हात बत्तीच्या खटक्याला लागला आणि बत्ती खाली झाली. दोघं बघत राहिले. धोतरांची डावी बाजू अंधारात होती. मधूनच उजेडाची एक तिरकी पट्टी निघाली होती आणि चढत चढत उजवीकडे दोरीच्या वर गेली होती.

"हे असं काहून?" देवाजी खाली उतरला. त्यानं दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला, इकडून तिकडे सरकवला. मधल्या रेषेच्या खाली, एका बाजूला हात आला आणि धोतरावरची तिरकी पट्टी पुसून गेली. हात काढला, पुन्हा आली. तो काचेच्या जवळ वाकला. तेवढ्या भागात काचेवरच्या रेघाही तिरक्याच होत्या.

"आता कांच चाटता काय?" मनकर्णा खिडकीतून ओरडली. "भूक लागली मले."

"हे पाय न वं. सारी बत्ती उजवीकडं जाऊन राहिली."

"मंग? तिकडच्या लोकाइचं सारंच उलटं. स्टेरिंग उलट्या बाजूनं. गाडीबी रस्त्याच्या उलट्या बाजूनंच चालवत असतीन."

देवाजी तसाच वाकलेला राहिला. उलट्या बाजूनं चालवतात, म्हणजे त्यांची कड उजवीकडे. म्हणजे ही बत्ती इमानदारीनं कडच दाखवत होती, त्यांच्या मुलखातली! इथे त्या जागी ट्रकवाल्याचे डोळे होते. आणि आपली कड दाखवणारा उरलासुरला उजेड नत्थूनं ब्रशनं झाकून टाकला होता. त्याला इतका राग आला, की शिवी नेमकी कोणाला द्यावी हे ठरेना. जर्मनांना द्यावी तर त्यांचा दोष नव्हता. स्वतःला द्यायची त्याला सवय नव्हती. राहिला नत्थू.

"वरचं कायं खरडून काढ," दुसऱ्या दिवशी त्यानं नत्थूला सांगितलं.

"मी नाही काढत. कायद्याचं काम आहे."

"कायद्याले कायंच पाहिजे न? मंग कायं राहू दे, जागा बदलव."

"आपल्या हातानं कर गा. माह्या दुकानाचं नाव नको सांगू कोणाले."

देवाजीनं दाढीच्या पात्यानं स्वतः रंग खरडला. नत्थू "कांच फुटन, कांच फुटन" करत डोक्यावर उभा. मग देवाजीनं समोरच्या भिंतीवर उजेड पाडला, बोटानं ती तिरकी जागा धरली आणि दोन्ही काचांवर तेवढ्यालाच काळं लावलं. भिंतीवर उजेड सपाट पडला. डावीकडेही पडला, आणि जास्तीच्या बल्बाचा भरभक्कम पडला.

"म्या टाकलेला बल्ब आहे तो," नत्थू म्हणाला.

देवाजीनं ब्रश त्याच्या हातात दिला. जीभ चावून धरली होती.

सोमवारी भंडाऱ्याचं काम लांबलं. परत निघाले तेव्हा सूर्य मावळत होता. शेटजी मागच्या सीटवर सरसावून बसले. "चल. आता पाहूच तुही आंख."

पहिला ट्रक दिसला. देवाजीनं बत्ती खाली केली. डावीकडे डांबराची कड, तिच्या खालचा मुरूम, पलीकडचं गवत, सगळं स्वच्छ दिसलं. ट्रकवाला मुकाट्यानं निघून गेला. दुसरा गेला. तिसऱ्यानं तर आपली बत्तीही खाली केली. मौद्याजवळ कडेनं बैलगाड्यांची रांग लागली होती, मागे कंदील नाही की काही नाही. देवाजीनं त्या लांबूनच हेरल्या आणि अलगद टाळल्या.

"पायलं न मालक?" तो न राहवून म्हणाला. "कंदील नाही त्याइले, तरी दिसल्या. तुमच्या जुन्या अँबॅसिडरात नसत्या दिसल्या."

त्यानं आरसा जरा खाली वळवला. शेटजींची मान सीटच्या कोपऱ्यात पडली होती, तोंड उघडं होतं आणि टोपी नाकावर आली होती. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना या गाडीत झोप लागली होती.

देवाजीचा संताप संताप झाला. ज्याला दाखवायचं, तोच घोरतो! त्यानं मुद्दाम एकदा हॉर्न वाजवला. शेटजींनी कूस बदलली.

बंगल्याच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा ते जागे झाले. टोपी सरळ केली, बाहेर डोकावले. "आलं घर? आज लौकर आलं."

"मालक, ते चाबीचं..." देवाजीनं चावी पुढे केली. हात मुद्दाम जरा ताठ ठेवला होता.

"मले काहून देतं? उद्या सकाळी खाणीवर कोण नेईन, तुहा बाप?" शेटजी जांभई देत पायऱ्या चढून गेले.