काटा येऊन राहिला आहे

माह्या हाताले गुण आहे असं आमच्या कारखान्यात पंधरा दिवस सगळे मानत होते. त्या सगळ्यात मी बी होतो. हे आधीच सांगून टाकतो, मग मले किती हसायचं ते तुमचं तुम्ही पाहा.

कारखाना म्हणजे हिंगण्यातलं एक शेड अन् आठ माणसं. आम्ही डेअरीची दूध मोजायची मशीन बनवतो. वर डब्बा अन् स्क्रीन, खाली वजनकाटा, बाजूले पावतीचा प्रिंटर. डब्बा पहिले बाहेरून तयार येत होता. मग एक मॅडम आल्या, जरीपटक्याच्या, माह्या पोरीएवढ्या. त्याइनं मालकाले म्हटलं, "डब्बा आपणच बनवू. आतला कर्नलही मीच बसवते."

कर्नल म्हणजे डब्ब्यातल्या प्रोग्रामचा मुकादम, असं त्याइनं मले समजावलं. वीज आली की तो सगळ्यात आधी उठते अन् हजेरी घेते. प्रिंटर आहे का? आहे. काटा आहे का? आहे. मग म्हणते, चला, दूध ठेवा.

मॅडमचा मुकादम उठे तं झटक्यात, पण त्याले काटा सापडतच नव्हता. स्क्रीनवर लाल अक्षरं येत: काटा नाही. अन् काटा तं समोर बसून राहिला! मॅडमनं वायर बदलली, काटा बदलला, तरी लालच. मालक म्हणाले, "शनिवारी उमरेडकडच्या डेअरीवाल्या बाई येऊन राहिल्या. त्यांच्यासमोर लाल आलं तं हा डब्बा बंद. पुन्हा तयार आणू." डब्बा बंद म्हणजे मॅडमचं आमच्याकडं काम बंद. त्याइनं तं याच डब्ब्यासाठी पुण्याची नोकरी सोडली होती. दुपारी त्याइचा टिफिन उघडत नव्हता.

माहं काम होतं बटन दाबायचं. सकाळी सगळ्याच्या आधी येऊन दहा वेळा मशीन बंद-चालू करायची. काटा सापडला तं कागदावर बरोबरची खूण, नाही तं फुली. चौथी नापास माणसाले हे काम काहून दिलं, तं फुली मले ओळखीची. शाळेत माह्या पाटीवर दुसरं काही राहतच नव्हतं.

अन् मी दाबलं की दहाच्या दहा बरोबर! मॅडमनं दाबलं की लाल.

"काका, घरी बसून भरून आणता का खुणा?"

"मॅडम, तुमच्यासमोर लावतो. मग बोला."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यासमोर पाच वेळा लावली. पाची वेळा काटा हजर. वेल्डर ओरडला, "काकाच्या हाताले गुण आहे गा!" झालं. दुसऱ्या दिवशीपासून मले चहा पहिले अन् पोह्यावर तर्री जास्त. मालकानं आपली बंद पडलेली गाडी बी माह्या हातानं किक मारून पायली. नाही झाली सुरू, तं वेल्डर म्हणे, "गाडीले श्रद्धा नाही." ठरलं असं की शनिवारी बटन मीच दाबायचं. एकट्या मॅडम मानत नव्हत्या. म्हणत, "काका, हातगुण प्रोग्राममध्ये लिहिता येत नाही."

शुक्रवारी तालीम होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, शेजारच्या मोठ्या कंपनीची बस मले रोज घेऊन येते, तिनं बाहेर हॉर्न मारला, अन् मी नेहमीसारखा घरातून ओरडलो, "येऊन राहिलो गा, थांब!" एक चप्पल पायात, एक हातात. बस कशीतरी भेटली. मोबाईल घरीच राहिला.

सगळे जमले. दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. लाल. मले वाटलं शर्ट इस्त्रीचा आहे म्हणून असंन, तं शर्ट काढला अन् बनियनवर दाबलं. लाल. हसलं कोनी नाही. मालक म्हणाले, "उद्या तयार डब्बा ठेवू," अन् निघून गेले. सगळे गेले. मॅडम खाली मान घालून वायरी गुंडाळायले लागल्या.

मी घाम पुसायले रुमाल काढायले गेलो, अन् खिसा हलका लागला. मोबाईल नाही. तवा डोक्यात उजेड पडला.

माहा मोबाईल म्हातारा. सकाळी चार्ज केला की दुपारपर्यंत दम सोडते. मी दाबत होतो ते बटन टेबलाखालच्या बोर्डाचं, अन् त्यात तीनच जागा: डब्बा, काटा, प्रिंटर. चार्जर भिंतीत लावला तं सगळ्याले दिसते. मग मी सकाळी अन् जेवणाच्या सुट्टीत काय करत होतो, काट्याचा प्लग काढून भिंतीतल्या सॉकेटात लावत होतो, जिथं वीज कायम चालू राहते, अन् त्याच्या जागेवर माहा चार्जर. काम झालं की कोनी पाहायच्या आधी जसंच्या तसं. टेबलावर पाटी होती, मोबाईल लावू नये. मले वाचायले वेळ लागते, हा बचाव तयार होता. पण पाटीवर मोबाईलचं चित्र बी होतं.

सांगितलं तं गुण जाईन, तर्री जाईन, कदाचित मी बी जाईन. नाही सांगितलं तं मॅडम जाईन. वायरीचं बंडल बांधून होत आलं होतं.

"मॅडम, मले एक पाप सांगायचं आहे."

सांगितलं. त्याइचे हात थांबले. "पुन्हा सांगा. काट्याचा प्लग कुठं?" मी बोट दाखवलं. त्या गुडघ्यावर बसून टेबलाखाली घुसल्या, प्लग भिंतीत लावला अन् बटन स्वतः दाबलं. काटा हजर! पुन्हा दाबलं. हजर!

"काका!" त्या टेबलाखालूनच हसत होत्या. "काट्याच्या पोटात त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम आहे. वीज आल्यावर त्याला उठायला वेळ लागतो. एकाच बटनावर दोघांना वीज दिली, तर मुकादम हजेरी घेऊन मोकळा अन् काटा अजून डोळे चोळून राहिला. जुना डब्बा स्वतःच सुस्त होता, म्हणून तेव्हा कळलं नाही. तुम्ही काट्याला आधीच उठवून ठेवत होता."

"मग भिंतीतच राहू द्या ना प्लग."

"गावात वीज जाते काका. आली की दोघांना एकदमच येईल."

"म्हणजे माह्यासारखंच. बस हॉर्न मारते, मी चप्पल शोधून राहतो."

"तेच! आता मुकादमाला सांगायचं, जो बोलला नाही त्याला गैरहजर लिहू नको. त्याला मागे ठेव, बाकीच्यांची हजेरी घे, अन् परत पुकार."

"आमचा बसवाला असं कधी करत नाही."

"बसवाल्याला मी बदलू शकत नाही. याला बदलते." असं म्हणून त्या कम्प्युटरसमोर बसल्या. थोड्या वेळानं तिथूनच विचारलं, "काका, हॉर्न वाजल्यावर तुम्ही काय ओरडता?" म्या सांगितलं. अन् त्याइनं टिफिन उघडला. एका हातानं पोळी, एका हातानं टाइप.

शनिवारी डेअरीवाल्या बाई आल्या. मॅडमनं मालकाले काय सांगून मनवलं माहीत नाही, पण टेबलावर त्याइचाच डब्बा होता. मालक म्हणाले, "काका, लावा तुमचा हात."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बाईच लावतील."

बाईनं पदर खोचून बटन दाबलं. प्रिंटर हजर. मग काट्याची पाळी. मी डोळे मिटले. उघडले तं लाल नव्हतं, हिरवं होतं: काटा येऊन राहिला आहे, थांबा. सगळे थांबले. मालकाचा चहा हातातच राहिला. मग आलं: काटा आला.

बाई हुशार. भिंतीवरचं मेन बटन बंद केलं, चालू केलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा काटा उशिरा आला, पण आला. बाई म्हणाल्या, "आमच्या गावचे लोक असेच आहेत बाप्पा. पाठवा मशीन."

वेल्डर माह्या कानात म्हणाला, "काका, गुण गेला गा तुमचा. आता कोनीबी दाबते." मले असा आनंद झाला की त्याले मीच चहा पाजला.

सोमवारी खरंच बस चुकली. ऑटो बदलत, धापा टाकत पोचलो. हजेरी मालक मांडते. उशीर झाला की नावासमोर फुली, हे ठरलेलं. रजिस्टर पायलं तं फुली नव्हती. मॅडमच्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं: येऊन राहिले आहेत.