ठमीच्या मानेतले धागे

नेरळच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठाकरवाडीत ठमीच्या जिभेला सगळेच टरकून असत. नवऱ्याला, धाऊला, ती चारचौघांत म्हणायची, "तुज्यापरास लाकडाचा ओंडका बरा. जळतो तरी." वाडीखालच्या फार्महाऊसवर ती स्वयंपाकाला जाई. चुलीपुढे बसून फोटो काढायचे आणि धूर लागला की खोकत पळायचं, असल्या तिथल्या पाहुण्यांना तर ती माणसांत धरतच नव्हती.

त्या मे महिन्यात ठमीने टोपलीभर जांभळं काढून पाहुण्यांपुढे ठेवली. पण त्यांना ठमी ती झाडावरून तोडतानाचा व्हिडिओ हवा होता.

"जांभळाची फांदी ठिसूळ असते, शेठ," ठमी म्हणाली. "शेंड्याला नाय जायची मी."

"अगं, पाहुण्यांचं मन मोडू नकोस," मालक नवीनशेठ म्हणाला. "थोडंसं तर चढायचंय."

खाली पांढऱ्या बुटांतली माणसं फोन उगारून उभी होती. यांना झाड म्हणजे काय ते एकदा दाखवावंच, अशा तुच्छतेने ठमी चढली. फांदी कडाडली आणि ती मानेवर आपटली. ती जमिनीवर पडली तरी एकाचाही फोन खाली आला नव्हता.

हाड मोडलं नव्हतं. शीळफाट्याला मानेचा एमआरआय काढला. मणके ठीक, विशेष दोष नाही, असा निकाल आला. इकडे ठमीच्या हातातून पिठाचा गोळा निसटत होता. बोटांना विंचू डसल्यासारखी आग होई, डावा पाय फरफटे.

"मशीन खोटं बोलतं का?" नवीनशेठ म्हणाला. "कामाचा कंटाळा आलाय तिला."

धाऊने घरी येऊन तेच ऐकवलं. "शेठनं पोपट बरा पाळलाय," ठमी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग धाऊने भगत आणला. झाडावरची बाई लागली, असं भगताने सांगताच ठमी उसळली, "बाई व्हती तर पडताना धरलं का नाय तिनं मला? ऊठ, चालता हो!"

पावसाळा सरता सरता कर्जतच्या आरोग्य शिबिरात मुंबईची डॉक्टर आली होती, सानवी नावाची. तिने ठमीच्या गुडघ्याखाली हातोडी मारली, तसा पाय ताडकन उडाला.

"ठमीताई, एवढा पाय उडणं सोंग करून जमत नाही," ती म्हणाली. "मानेतल्या मज्जारज्जूला मार बसला असावा."

"यंत्रात घातलं व्हतं मला. काय नाय दिसलं."

"ते साधं चित्र. मज्जारज्जू म्हणजे बारीक धाग्यांची जुडी. तिच्यातलं पाणी धाग्यांच्या दिशेने सरकतं. धागे तुटले की ते वाटेल तिकडे पसरतं. आम्ही नव्या पद्धतीच्या एमआरआयने ते सरकणं पाहतो."

"मंग मी बरी व्हईन?"

"ते मला सांगता येणार नाही. हा अभ्यास आहे, उपचार नाही. तुम्हाला फायदा होईलच असं नाही. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

पडल्यापासून जो तो ठमीला काहीतरी ठासून सांगत होता. सांगता येणार नाही, असं म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं. ती गेली.

मुंबईच्या इस्पितळात बांगड्या, डोरलं उतरवून तिला नळीत सरकवलं. जराही हलायचं नव्हतं. डोक्याशी घणाचे घाव बसावेत तसा आवाज सुरू झाला. ठमी शेठला, भगताला, पांढऱ्या बुटांना एकेक करून मनातल्या मनात शिव्या देत राहिली. त्यामुळे वेळ बरा गेला.

नंतर सानवीने पडद्यावर रंगीत धागे दाखवले. डाव्या बाजूला ते विरळ झाले होते. "इथे इजा आहे."

ठमीने पडद्याजवळ जाऊन ते धागे नीट पाहिले. तिला रडू आलं नाही, संताप आला. तिला स्वतःला याची खात्री कधीच हवी नव्हती. आपण खरं बोलतो हे इतरांना पटायला एवढं थोरलं यंत्र लागावं, याची तिला किळस आली.

सानवीने कर्जतला व्यायामाची सोय लावून दिली. शिव्या घालत का होईना, ठमीने तो सोडला नाही. उजव्या हाताची पकड हळूहळू परतली. डावा दुबळाच राहिला. उन्हाळ्यात पुन्हा चित्र काढलं, तर धागे होते तसेच.

"चित्र बदलेल असं मला वाटलं होतं," सानवी म्हणाली. "हात कसा सुधारला, ते कळत नाही."

"कळंल, पोरी. बघत ऱ्हा," ठमी म्हणाली. एवढ्या मऊ आवाजात ती घरातही बोलत नसे.

ठमीचा हात सुधारल्याची बातमी कळून नवीनशेठ फुलांचा गुच्छ घेऊन वाडीवर आला. ठमीची जिद्द त्याला फार्महाऊसच्या जाहिरातीत हवी होती. "फुलं शेळीपुढं टाक," ठमी उठलीसुद्धा नाही. "आन तिचाच फोटो काढ. ती तुज्याकडं बघून हसंल." शेठ गुच्छासकट माघारी गेला. फार्महाऊसवर तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. वाडीतल्या अंगणवाडीत खिचडी शिजवू लागली. जड पातेलं उतरवायला मात्र दुसरं कुणीतरी लागे.

धाऊ आता पारावर बसून सांगायचा, "मी तवाच वळखलं व्हतं, नस तुटली म्हणून." ठमी जाता जाता म्हणे, "वळखणारा आला मोठा! ऊठ, विहिरीवरून पाणी आन." आणि धाऊ मुकाट्याने हंडा उचलून डोक्यावर घेई.