मेलेल्या गोऱ्यांचे कारकून

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांत ज्याची जास्त ऊठबस आहे असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मेलेली माणसं निदान आपली असती तर मी काही बोललो नसतो. यांची सगळी गोरी. विलायतेतल्या कुठल्या गावात कुठला पाववाला कुणाचा जावई होता, त्याच्या मेव्हणीला किती पोरं झाली, त्यातली जगली किती, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या चुलत्याचं नाव विचारलं तर म्हणतात, ‘‘थांबा, बघून सांगतो.’’ पण माझ्या बायकोचं नाव मला याच माणसानं शोधून दिलं, तेव्हा त्यांची थट्टा मी जरा हात राखूनच करणार आहे. बायकोचं नाव शोधावं लागणारा नवरा कसा असतो ते बघायचं असेल तर पुढं वाचा. तो मी.

आम्ही दोघे व्याही कुवेतमध्ये, हवल्लीत, एका खोलीत राहतो. फ्लॅट त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या जावयाचा. जावई मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या रिफायनरीत आहे, लेक इस्पितळात नर्स. मी चिपळूणचा गवंडी. गेल्या वर्षी बायको गेली, आणि दोन महिन्यांत लेकीनं मला इकडं उचलून आणलं. लेकीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये अशातला मी. पहिल्या दिवशी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, स्वतःची पाण्याची बाटली विकत आणली आणि कोपऱ्यात बसून प्यालो. व्याह्यांनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘व्याहीबुवा, ती बाटली आणायला तुम्ही लिफ्टनं गेलात ना? लिफ्टचं भाडंही माझाच मुलगा भरतो.’’ त्या दिवसापासून मी घरचं पाणी पितो.

व्याही दापोलीकडच्या हायस्कुलात कारकून होते. जन्मभर मुलांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर भरलं. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असा त्यांचा धर्म, आणि चूक दिसली की हात शिवशिवणार. बकालेवाल्या मल्याळ्यानं पाटीवर ‘बटाटा’ आपल्या अक्षरांत चुकीचा लिहिला होता, तर हे रोज खिशातून स्केचपेन काढून तो दुरुस्त करायचे आणि तो मल्याळी रोज पाटी पुसून परत तसाच लिहायचा. तीन आठवडे हे युद्ध चाललं. शेवटी त्यानं बटाटे तेवढे ठेवले आणि पाटी काढून टाकली.

गोऱ्यांचं वेड लहानपणचं. दापोलीच्या कँपात साहेबांचं जुनं कबरस्तान आहे. तिथं बकऱ्या चारताना एका दगडावर यांना बावीस वर्षांच्या एका बाईचं नाव दिसलं, खाली नवऱ्याचं, आणि त्याच्या खाली गवत. ‘‘बाई आली कुठून, गेली कशानं, नवऱ्यानं पुढं काय केलं, रकाने सगळे रिकामे हो!’’ असं ते अजूनही तळमळून सांगतात. रिटायर झाल्यावर मुलानं लॅपटॉप दिला आणि या गृहस्थाला कळलं की विलायतेचं सगळं रजिस्टर घरबसल्या उघडतं. दर दहा वर्षांची शिरगणती, त्यात घरात झोपलेला पाहुणासुद्धा लिहिलेला. चर्चमधल्या बारशांच्या, लग्नांच्या, पुरण्याच्या वह्या. मृत्युपत्रं. बोटीत कोण चढलं त्याच्या याद्या. हिंदुस्थानात आलेल्या पलटणींचे कागद. काही साइटी फुकट, काही पैसेवाल्या, पण पैसेवाल्याही पहिले चौदा दिवस फुकट बघू देतात. व्याह्यांनी स्वतःच्या नावानं चौदा दिवस वापरले, मग मुलाच्या, मग सुनेच्या. मला येऊन आठवडा झाला नव्हता तोवर माझा ईमेल काढून झाला होता. मला ईमेल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तिसऱ्याच दिवशी त्यात पत्र आलं, तुमचे पाच नवे नातेवाईक सापडले! मी खोटं सांगत नाही, मी उठून शर्ट बदलला. बायको गेल्यापासून मला कुणी शोधत असेल असं वाटलंच नव्हतं. लेकीला वाचायला सांगितलं तर पाचही जण वेल्समधले कोळसेवाले निघाले.

आणि हे सगळं घरात बोलून दाखवायची खोड. एका सकाळी लेक रात्रपाळी करून येऊन चहाला बसली होती. हे आतून आले, खुर्चीत बसले आणि चष्मा काढून म्हणाले, ‘‘टॉमस गेला.’’

लेकीनं कप खाली ठेवला. ‘‘कोण टॉमस, अण्णा? आमच्या वॉर्डातले थॉमसअंकल? आत्ता तर त्यांना डिस्चार्ज दिला मी!’’

‘‘नाही गं, पाववाला टॉमस. कॉलऱ्यानं गेला. मागं चार लेकरं.’’

‘‘कधी?’’

‘‘दीडशे वर्षं झाली.’’

लेक चहा तसाच टाकून झोपायला गेली. मी मात्र त्यांना झाप झाप झापलं. ‘‘पोरीचा जीव घ्याल! मेलेल्या गोऱ्यांचे कारकून कुठले!’’ आणि मग, सांगायला लाज वाटते, जरा वेळानं हळूच विचारलं, ‘‘त्या चार लेकरांचं पुढं काय झालं?’’

झालं, मीही अडकलो. इंग्रजी मला ओ का ठो येत नाही, मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. पण हे वाचून मराठीत सांगायचे आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसायचो. त्या पाववाल्याची धाकटी एलन पुढच्या शिरगणतीत दिसेना, तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ती दुसऱ्या गावी मोलकरीण म्हणून सापडली तेव्हा मी बकाल्यातून जिलेबी आणली.

एकदा जावयाच्या रिफायनरीतला एक साहेब चहाला आला. लालबुंद, हसरा, अस्सल इंग्रज. मांजरानं उंदराकडं बघावं तसे व्याही त्याच्याकडं बघत होते. पहिल्या घोटाला त्याच्या आजीचं माहेरचं आडनाव काढून घेतलं, दुसऱ्या कपापर्यंत लॅपटॉप उघडून त्याचा पणजोबा कोंबड्या चोरल्याबद्दल दोन महिने तुरुंगात होता हे त्याला कागदासकट दाखवलं. जावयाचा चेहरा पांढरा. साहेबानं वाकून तो कागद वाचला, मग असा खदखदून हसला की सोफा हलला. उठून त्यानं व्याह्यांना मिठी मारली आणि तिथूनच आईला फोन लावला. व्याही मला म्हणाले, ‘‘बघा, आडनावावरून सगळं निघतं. त्यांच्याकडं बायकांचं माहेरचं आडनाव जपून लिहितात हो. आपल्याकडं सगळा घोळ.’’

तो घोळ माझ्याच अंगावर येणार होता. नातीला शाळेत कुटुंबाचं झाड काढायला सांगितलं. ती दहा वर्षांची, सगळं बोलणं इंग्रजीत, आम्ही मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच. पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली. ‘‘आजोबा, व्हॉट वॉज आजीज नेम?’’

‘‘शालिनी.’’

‘‘नो, बिफोर मॅरेज.’’

मी तिच्या हातातली पेन्सिल घेऊन उगाच टोक काढत बसलो. लग्नात नाव बदलायची आमच्यात चाल. शालिनी हे माझ्या आईनं ठरवलं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीनं मी ते लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, घाबरून मला पहिलं अक्षरच सुचेना, तेव्हा भटजींनी माझा हात धरून गिरवून घेतलं. तिच्या माहेरी सगळे तिला ‘बाय’ म्हणत. खरं नाव ठरवाठरवीत एकदा कानावर पडलं असेल, पण मी तेव्हा नवीन चपलेचा विचार करत होतो.

नात म्हणाली, ‘‘यू चेंज्ड हर होल नेम? लाइक अ पपी? अँड देन यू फरगॉट?’’

मला इंग्रजी येत नाही, पण ते समजलं. लेकीला विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. बायकोचे दोन्ही भाऊ वारलेले. पासपोर्टावर शालिनी, आधारवर शालिनी. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध, आणि पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं खरं नाव मला माहीत नाही. मी सरळ व्याह्यांकडं गेलो. म्हटलं, ‘‘तुमच्या त्या साइटीत हिला काढा.’’ माझी खरंच समजूत होती की एकदा मेल्यावर सगळे तिथंच जातात.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. ते हसले नाहीत. नवीन वहीचं पान काढून रकाने आखले. ‘‘विहीणबाईंचं जन्मगाव?’’ गुहागरकडचं, ते सांगितलं. ‘‘वडील?’’ गोविंद. ‘‘बहिणी?’’ नाहीत, मुलगी एकच. ‘‘जन्मसाल?’’ माहीत नाही. ‘‘आईचं नाव?’’ माहीत नाही. दगडावर टाकी मारावी तसा एकेक प्रश्न लागत होता. पाववाल्याच्या मेव्हणीबद्दल मी याहून जास्त सांगितलं असतं.

‘‘शिक्षण?’’

‘‘लिहा, निरक्षर. सहीपुरतं येत असेल. पेपर रोज मी मोठ्यानं वाचून दाखवायचो तिला.’’ हे मात्र मी ताठ मानेनं सांगितलं. संध्याकाळी कामावरून आलो की पेपर घेऊन बसायचो, ती समोर भाजी निवडत ऐकायची. हुशार होती हो पण. माझी कुठं ओळ सुटली की मान वर न करता म्हणायची, ‘‘मध्ये काहीतरी राहिलं वाटतं.’’ आणि खरंच राहिलेलं असायचं! मी चारचौघांत सांगायचो, माझ्या बायकोला अक्षर येत नाही, पण डोकं बघा.

व्याह्यांनी लॅपटॉप मिटला. मी पहिल्यांदाच तो दिवसाढवळ्या मिटलेला पाहिला. म्हणाले, ‘‘तिकडं विहीणबाई नाहीत सापडायच्या. आपलं रजिस्टर कपाटात असतं. पण कपाट कारकुनाकडं असतं.’’ आणि त्यांनी फोन घेतला. रत्नागिरी जिल्ह्यात कारकुनांची एक भाऊबंदकी आहे, ती मला त्या आठवड्यात कळली. ह्यानं त्याला, त्यानं त्याच्या साडूला, असं करत तिच्या गावच्या मराठी शाळेपर्यंत पोचले. निरक्षर बाई शाळेच्या कपाटात कशी सापडणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘बघू या.’’ कपाटाची किल्ली सापडेना. व्याही कुवेतमधून ओरडले, ‘‘तोडा कुलूप! मी लेखी परवानगी पाठवतो!’’ आणि रिटायर माणसानं खरंच परवानगी लिहून, सही करून, फोटो काढून पाठवली. तिकडं कुणी विचारलंही नाही की हे कोण. कारकुनी अक्षर बघितलं आणि कुलूप तोडलं.

शुक्रवारी, सगळे सुट्टीला घरी असताना, फोटो आला. जुनाट पान, कडा वाळवीनं खाल्लेल्या. व्याही वाचायला लागले आणि मध्येच थांबून फोन माझ्या हातात दिला. ‘‘तुम्हीच वाचा.’’

मी बोट ठेवून वाचलं. द्वारका. बापाचं नाव गोविंद. वर्तणूक उत्तम. प्रगती उत्तम. सातवी उत्तीर्ण.

मी म्हटलं, ‘‘चुकीची ओळ दिसतेय.’’

व्याह्यांनी नुसतं ‘गोविंद’वर बोट ठेवलं. लेक हळूच म्हणाली, ‘‘बाबा, मला माहीत होतं. माझा अभ्यास कोण घ्यायचं? तुम्ही कामावर गेलात की सगळा पेपर वाचून घडी घालून ठेवायची ती. म्हणायची, त्यांना वाचून दाखवायला आवडतं, तू बोलू नकोस.’’

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर ते तांदळाचं ताट. भटजींनी माझा हात धरून शालिनी लिहून घेतलं तेव्हा ती शेजारी खाली मान घालून बसली होती, खांदे हलत होते. लाजली, असंच मी जन्मभर समजत आलो.

नातीच्या झाडात आता द्वारका लिहिलंय, मराठीत आणि इंग्रजीत. व्याह्यांनी अक्षर कोरून दिलं. शिक्षणाच्या रकान्यात तिच्यापुढं सातवी लिहिली आणि माझ्यापुढची जागा मोकळी ठेवली. म्हणाले, ‘‘इथं तुम्ही म्हणाल ते लिहितो.’’ जन्मात पहिल्यांदा हा माणूस रजिस्टरात खोटं लिहायला तयार झाला होता. मी म्हटलं, ‘‘चौथी. दोनदा. तसंच लिहा.’’

वर्षश्राद्ध झालं. लेकीनं घारगे केले, एक पान वेगळं वाढलं, गच्चीवर कावळ्याऐवजी पारवा आला, त्यालाच नमस्कार केला. आता संध्याकाळी लेक मला मोबाइलवर मराठी पेपर लावून देते. मी मोठ्यानं वाचतो, समोर व्याही बसतात, त्यांचा तो सकाळीच वाचून झालेला असतो. मध्येच मी मुद्दाम एक ओळ गाळतो आणि थांबतो. व्याह्यांच्या ध्यानात येतं, त्यांची बोटं चुळबुळतात, ओठ हलतात. बटाट्यासाठी तीन आठवडे भांडलेला माणूस तो. पण काही बोलत नाहीत. चष्मा काढून पुसत बसतात, मी पुढं वाचायला लागेपर्यंत.